दप्तर कोणाचे?

(शेतकरी व कारागीर बांधवांच्या सभेत केलेले भाषण)

आजच्या भाषणाचा विषय जुने कागद हा आहे, असे ऐकून आपणांपैकी पुष्कळांनी मनात म्हटले असेल की, नांगर, ऐरण, माग आणि चाक यांवर पोट असलेल्या माणसांस जुन्या कागदांशी काय करावयाचे? ते पंडितांचे काम. हा समज आपल्या मनात आपोआप उगवलेला नाही. ‘लिहिणे आमचे, राबणे तुमचे’ ही वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालली, तिचेच हे पीक होय. आम्ही आज एवढेच सांगावयास उभे आहोत की, सरकारी दप्तरांत आणि ग्रंथालयांत बांधून ठेवलेले कागद आपल्या घरांचे आहेत, आणि ते वाचता न आल्यामुळे आपले आजही नुकसान होत आहे.

प्रथम घरातल्या गरजेची गोष्ट घेऊ. आमच्या ओळखीच्या एका सुताराचा मुलगा चांगल्या गुणांनी बारावी उतरला. पुढील शिक्षणासाठी जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी हवी होती. कचेरीत सांगितले, ‘१३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा आणा.’ बाप शाळेत गेला तो त्यानंतर. आजोबाच्या शाळेच्या दाखल्यात जातीच्या रकान्यात नुसते ‘हिंदू’ लिहिलेले. शेवटी तहसील कचेरीतून जन्ममृत्यूचे जुने पुस्तक, म्हणजे गाव नमुना चौदा, निघाले. त्यात आजोबाच्या जन्माची नोंद होती, पणज्याचे नाव होते, जातही होती. पण सारे मोडीत! कचेरीत ती दोन ओळींची नोंद वाचणारा कोणी नव्हता. मुदत संपावयास चार दिवस उरले असता दुसऱ्या तालुक्यातील एका वृद्ध गुरुजींनी ती वाचून दिली, आणि मुलाची जागा राहिली. गुरुजी नसते तर? पणज्याने आपले नाव सांगून ठेवले होते, पण पणतवाच्या गावात ते वाचणारा डोळा उरला नव्हता.

ही एकट्या सुताराची अडचण नव्हे. इतर मागासवर्गीयांस १९६७ ची तारीख आहे, तशी अनुसूचित जातींस १० ऑगस्ट १९५० ची, आणि विमुक्त जाती व भटक्या जमातींस २१ नोव्हेंबर १९६१ ची. ज्यांस कधी शाळा नव्हती, ज्यांस शेत नव्हते, ज्यांचे बिऱ्हाड गाढवाच्या पाठीवर होते, त्यांसच कागद विचारला जातो. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. त्या मागणीत कोणाचा पक्ष खरा, हा आजचा विषय नव्हे. परंतु त्या वेळी काय दिसले? शाळांची दाखलपुस्तके, महसुली पत्रके, निजामाच्या अमलातील उर्दू कागद आणि मोडी कागद यांचे गठ्ठे सुटले, आणि मोडी वाचणाऱ्यांचा शोध करावा लागला. ज्या कागदास आपण रद्दी म्हणत होतो, त्यावर लाखो घरांचे डोळे लागले.

आता ही दप्तरे कोठे आहेत ते ऐका. मुंबईचे सरकारी दप्तर १८२१ साली सुरू झाले. पुण्यास पेशवे दप्तर आहे. त्याची इमारत १८९१ साली उभी राहिली. तेथे मोडी कागदांचे तीस हजारांवर रुमाल आहेत. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे. कागदांचा गठ्ठा ज्या चौकोनी फडक्यात बांधतात तो रुमाल. कोल्हापुरास करवीर सरकारचे कागद आहेत. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथेही पुराभिलेखागारे आहेत. यांशिवाय पुण्यात १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, आणि गावोगावच्या जुन्या ग्रंथालयांत लहान लहान संग्रह आहेत.

या रुमालांत केवळ राजांच्या लढाया आणि सरदारांच्या वस्त्रांच्या याद्या आहेत, असे समजू नका. गावाची जमीन किती, पैकी लागवडीस किती आणि पडीत किती, विहिरी किती, तेल्याचे घाणे किती, साळ्या-कोष्ट्यांचे माग किती आणि त्यांवर मोहतर्फा म्हणून कर किती बसला, दुष्काळात सूट किती मिळाली, याचे हिशेब त्यांत आहेत. ज्यांच्या घामाचा हा हिशेब, त्यांच्या वंशजांनी तो अद्याप उघडून पाहिलेला नाही.

त्यांतील एक जातीचा कागद आम्हांस फार प्रिय आहे. त्यास महजर म्हणतात. गावात वतनाचा किंवा हद्दीचा तंटा पडला की गोतसभा बसे. पाटील, शेतकरी, बलुतेदार असे सारे गाव जमे, साक्षी होत, आणि निवाडा कागदावर लिहिला जाई. लिहिणारा एक, पण मान्यता साऱ्यांची. ज्यांस अक्षर येत नव्हते ते आपल्या धंद्याची निशाणी करीत. पाटील-कुणब्याचा नांगर, सुताराचे किंकरे, परटाची मोगरी, न्हाव्याचा आरसा. महारांची साक्षही त्यात असे, कारण गावची शीव त्यांच्याइतकी कोणास ठाऊक नव्हती. बंधूंनो, ज्या समाजास अडाणी म्हणून हिणवले, त्याच्या शब्दावाचून निवाडा पुरा होत नव्हता, याचा हा लेखी पुरावा आहे. ज्यास आपले नाव लिहू दिले नाही, त्याने आपले हत्यारच कागदावर ठेवले. आणि तो कागद तरी कोणी केला? जुन्नरच्या आणि दौलताबादेजवळच्या कागदीपुऱ्याच्या कागदी लोकांनी. रुमालाचे कापड विणले विणकराने. दप्तरातील अक्षर सोडले, तर बाकी सर्व आपल्याच हातचे आहे.

मग हे दप्तर जपले गेले ते कोणासाठी? १८१८ साली पेशवाई बुडाली आणि इंग्रजांनी कागद ताब्यात घेतले. ते विद्येच्या प्रेमाने नव्हे. वसुली कोणाकडून किती करावयाची आणि कोणाचे इनाम खरे मानावयाचे, हे कागदावाचून ठरत नव्हते. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनास अधिकार मिळाले, तेव्हा सनदा तपासण्यास हीच दप्तरे पुढे आली. ज्याच्याजवळ कागद निघाला त्याचे टिकले, ज्याच्याजवळ निघाला नाही त्याचे गेले. कागदाचे बळ सरकारास कळले होते, सावकारास कळले होते, कुळकर्ण्यासही कळले होते. कळले नव्हते ते फक्त कुणब्यास. जोतीराव फुल्यांनी हे दुखणे नेमके ओळखले, म्हणूनच त्यांनी विद्येवर एवढा भर दिला.

पुढे अभ्यासकांनी कागद छापावयास आरंभ केला. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढले. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादिले. राजवाड्यांची मते आम्हांस पटणारी नव्हेत. तरी त्या माणसाने गावोगाव पायपीट करून कागद वाचविले, हे ऋण नाकारणे सत्यशोधकास शोभणार नाही. आमचे म्हणणे निराळे आहे. कागद शोधणारा ज्या वाड्यात उतरतो, त्या वाड्याची दप्तरे जमतात. तो कुंभारवाड्यात उतरला नाही, म्हणून कुंभाराचा इतिहास नव्हता असे होत नाही. आणि दोष केवळ त्याचाच का धरावा? आपल्यातून कोण निघाला? हिरोशी फुकाझावा नावाचे एक जपानी विद्वान होऊन गेले. त्यांनी मराठी कागदांचा अभ्यास करून आपल्या बलुतेदारांवर आणि शेतकऱ्यांवर लिहिले. १९९१ साली त्यांच्या निबंधांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. जपानातील मनुष्य आमच्या बलुत्याचा हिशेब वाचतो, आणि बलुतेदाराच्या नातवास मोडीचा ‘क’ ओळखत नाही! ही लाज आपली आहे.

कागद उरला म्हणजे काय लाभते, याची दोन उदाहरणे देतो. शिवाजी महाराजांनी ५ सप्टेंबर १६७६ रोजी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांस एक पत्र लिहिले. गावोगाव फिरा, कुणबी गोळा करा, ज्यास माणूसबळ आहे पण बैल नाहीत त्यास बैलांस पैसे द्या, खावयास दाणे द्या, आणि ते पैसे वाढीदिडीवाचून, त्याच्या ऐपतीप्रमाणे, हळूहळू परत घ्या, असा त्याचा आशय आहे. हे पत्र नष्ट झाले असते तर महाराजांच्या तलवारीचे पोवाडे उरले असते, पण कुणब्याच्या बैलाची चिंता वाहणारा राजा आपणांस दिसला नसता. तसेच करवीरचे. शाहू छत्रपतींनी २६ जुलै १९०२ रोजी राज्याच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी शेकडा ५० जागा राखण्याचा हुकूम काढला. तो करवीर सरकारच्या गॅझेटात छापलेला आहे, म्हणून आज त्याविषयी कोणास वाद घालता येत नाही.

आता घरच्या पेटीविषयी. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरी जुन्या घटनांच्या नोंदींचे एक बाड होते. ते लोकमान्य टिळकांच्या हाती आले आणि १९१६ साली छापले गेले. हीच जेधे शकावली. महाराजांचा जन्म १६२७ चा की १६३० चा, या वादात तिची साक्ष मोठी ठरली. एका घराने एक बाड जपले आणि साऱ्या महाराष्ट्रास जन्मतिथी मिळाली. तुमच्या माळ्यावरील पेटीत काय आहे, हे तुम्ही तरी पाहिले आहे काय?

आपल्या चळवळीचेच हाल पाहा. जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ साली लिहून पुरा केला. ‘दीनबंधू’त त्यातील थोडासाच भाग छापला गेला. बाकीचा ग्रंथ हस्तलिखितावर जगला, आणि जोतीराव १८९० साली गेल्यावर कित्येक वर्षांनी तो लोकांपुढे संपूर्ण आला. ते बाड कोणी चुलीत घातले असते तर? कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली ‘दीनबंधू’ काढला, मुकुंदराव पाटलांनी १९१० पासून खेड्यातून ‘दीनमित्र’ चालविला. आपल्या लोकांनी पोटास चिमटा घेऊन ही पत्रे चालविली, पण त्यांचे जुने अंक सांभाळले थोड्यांनीच. इंग्रज सरकार देशी पत्रांवर नजर ठेवण्यासाठी त्यांतील मजकुराचा इंग्रजी गोषवारा दर आठवड्यास करवीत असे. ते गोषवारे सरकारी दप्तरात राहिले आहेत. म्हणजे आपले वडील काय बोलले, हे कित्येक ठिकाणी आपणांस त्यांच्यावर पाळत ठेवणाऱ्याच्या वहीतून शोधावे लागते. यापरती शोचनीय स्थिती कोणती?

तेव्हा करावयाचे काय? आम्ही चार गोष्टी सांगतो.

पहिली. घरातील एकही जुना कागद रद्दीत, चुलीत किंवा नदीत जाऊ देऊ नका. म्हातारे माणूस गेले की त्याची पेटी झाडून टाकण्याची घाई करू नका. कागद कोरड्या जागी, स्वच्छ सुती फडक्यात बांधून ठेवा. त्यास खळ लावू नका, चिकटपट्टी लावू नका. मूळ कागद कोणास देऊ नका. फोटो किंवा नक्कल द्या.

दुसरी. गरज पडण्याची वाट न पाहता शाळेचा दाखला, गाव नमुना चौदा, जुने फेरफार आणि सातबारे यांच्या नकला आजच मागून घ्या. प्रवेशाच्या मुदतीत धावाधाव केली की दलालाचे फावते.

तिसरी. दर गावात निदान दोन मुलांनी, आणि त्यांत एका मुलीने, मोडी शिकावी. पुराभिलेख खाते आणि काही संस्था मोडीचे वर्ग भरवितात. अक्षरओळख थोड्या आठवड्यांत होते. पुढे रोज एक कागद वाचण्याचा नेम ठेवावा लागतो. जो मुलगा तासन्‌तास मोबाईलवर बोट फिरवितो, त्यास हे अवघड नाही.

चौथी. दप्तर पाहावयास जा. अर्ज करा, वाचनाच्या दालनात बसा, आपल्या गावाचे नाव सांगून रुमाल मागा. तेथील पगार आपल्या करातून जातो. दाराशी चप्पल काढून संकोचाने उभे राहण्याचे कारण नाही.

बंधुभगिनींनो, कागदात सर्वच गोड निघेल असे आम्ही म्हणत नाही. वेठबेगार निघेल, अपमान निघेल, आपल्याच एका जातीने दुसरीवर केलेला जुलूमही निघेल. तेही वाचले पाहिजे. सत्य शोधावयाचे म्हटल्यावर आपल्या सोयीचा कागद वर आणि गैरसोयीचा खाली, हे चालणार नाही. ते जुन्या कारकुनांचे काम होते.

आमच्या ओळखीचा तो सुताराचा मुलगा आता स्वतः मोडी शिकत आहे. पणज्याच्या नावाची ओळ तो आज कोणाच्या मदतीवाचून वाचतो. आज रात्री घरी गेल्यावर माळ्यावरील पेटी खाली काढा आणि दिव्यापाशी उघडा. इतकेच आमचे मागणे आहे.