प्रवासात बाळगावयाचा लॅपटॉप

ठाणे, डोंबिवली आणि कल्याण ही तीन नावे उच्चारली म्हणजे आगगाडीचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. हिंदुस्थानातील उतारूंची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघाली ती ठाण्यास येऊन थांबली; आणि पुढच्याच वर्षी, १८५४ च्या मे महिन्यात, लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. तेव्हापासून ह्या गावांतील मनुष्याच्या आयुष्याचा एक मोठा भाग गाडीत जाऊ लागला, आणि घरातून निघताना बरोबर काय घ्यावे हा प्रश्न प्रत्येक पिढीस नव्याने सोडवावा लागला. एका पिढीस छत्री आणि जेवणाचा डबा पुरत असे. दुसऱ्या पिढीच्या हाती कागदपत्रांची बॅग आली. आजच्या पिढीच्या पाठीवर लॅपटॉप आहे. तो कसा निवडावा आणि प्रवासात कसा वापरावा, ह्याचा विचार आजच्या भाषणात करावयाचा आहे.

हा विषय वरवर पाहता केवळ सोयीचा वाटेल. परंतु ठाणे आणि कल्याण ह्यांच्या दरम्यान तो सोयीपुरता राहिलेला नाही. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांत लोंबकळणारे उतारू एकमेकांवर घासले जाऊन खाली पडले आणि त्यांतील काहींस प्राणास मुकावे लागले. पाठीवरच्या पिशव्यांचा धक्का लागला असावा, असे रेल्वेच्या बाजूने त्या वेळी सांगण्यात आले. पुढे रुळांच्या स्थितीविषयीही प्रश्न निघाले. दोष कोणाचा, ह्याचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. गर्दीचे मूळ कारण उतारूची पिशवी आहे असे म्हणणेही न्यायाचे होणार नाही. तथापि ज्या गाडीत पाय ठेवण्यास वीतभर जागा मिळण्याची मारामार, त्या गाडीत पाठीवरचे ओझे किती जाड आणि किती जड आहे, ह्याला जीवितमूल्य आहे, एवढे कोणीही मान्य करील.

म्हणून पहिला विचार वजनाचा. दुकानातील पत्रकावर यंत्राचे वजन छापलेले असते. मात्र मनुष्य केवळ यंत्र वाहत नाही, तो पिशवी वाहतो. साधारण मोठ्या पडद्याच्या लॅपटॉपचे वजन दोन किलोच्या आसपास भरते. त्याचा चार्जर कधी कधी अर्ध्या किलोचा असतो. उलट लहान आकाराच्या चांगल्या यंत्राचे वजन सव्वा किलोच्या घरात असते आणि त्याचा चार्जर मुठीत मावतो. दोहोंतील अंतर एक किलोहून थोडे अधिक झाले. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, हे ध्यानात घेतले म्हणजे हे अंतर किती आहे ते उमगते. जड यंत्र घेणारा गृहस्थ डोंबिवलीच्या पुलावरून रोज पाण्याची एक जास्तीची बाटली वाहत असतो आणि त्या बाटलीतील पाणी त्याला कधीच पिता येत नाही.

हलक्या यंत्राचा शोध आजचा नव्हे. १९८१ साली अमेरिकेत ऑस्बोर्न नावाचा संगणक निघाला आणि तो बरोबर नेता येतो म्हणून त्याचे कौतुक झाले. त्याचे वजन सुमारे अकरा किलो होते, आणि पडदा अवघ्या पाच इंचांचा! पुढल्या वर्षी ग्रिड कंपास ह्या यंत्राने पुस्तकाप्रमाणे मिटणारी घडण रूढ केली. ती आजतागायत टिकली आहे. २००७ साली आसुसच्या ई-पीसीने वजन एका किलोच्या आत आणि किंमत पुष्कळांच्या आटोक्यात आणली. परंतु तिचा पडदा सात इंचांचा आणि कळा इतक्या लहान की, मोठ्या माणसाची बोटे एकमेकांत अडखळत. २००८ च्या जानेवारीत ॲपलने आपले नवे यंत्र कागदपत्रांच्या लिफाफ्यातून बाहेर काढून दाखविले, तेव्हा लोकांस पातळपणाचे वेड लागले. ह्या इतिहासापासून घ्यावयाचा धडा एकच. हलकेपणासाठी प्रत्येक वेळी काहीतरी मोजावे लागले आहे. काय मोजले आणि ते आपल्याला परवडणारे आहे काय, हे पाहणे गिऱ्हाइकाचे काम आहे.

ह्याच काळातील एक उदाहरण आपल्या शेजारच्या जिल्ह्यातले आहे. प्रत्येक मुलास एक लॅपटॉप, ही कल्पना घेऊन अमेरिकेत निघालेल्या संस्थेने २००७ साली रायगड जिल्ह्यातील खैरात ह्या खेड्याच्या शाळेत आपली हिरवी-पांढरी यंत्रे मुलांच्या हाती दिली. त्यांचा पडदा उन्हातही वाचता येत असे आणि कळांवर रबराचे सलग आच्छादन असल्यामुळे धूळ आत शिरत नसे. त्या योजनेच्या यशापयशाविषयी जाणत्यांत मतभेद आहेत. पण यंत्र कोठे वापरले जाणार हे आधी ठरवून मग त्याची घडण करावयाची, ही तिच्यामागील दृष्टी शहाणपणाची होती. विकत घेणाऱ्यानेही तोच क्रम ठेवावा. आधी जागा, मग काम आणि शेवटी यंत्र.

ह्या दृष्टीने पाहता, प्रवासासाठी तेरा ते चौदा इंच पडद्याचे यंत्र बहुतेकांस पुरेसे होते. तेरा इंची यंत्राची लांबीरुंदी कार्यालयात वापरल्या जाणाऱ्या ए-चार आकाराच्या कागदाएवढीच असते. म्हणजे जी पिशवी कागदांची फाईल सामावते ती यंत्रही सामावते. ह्याहून लहान यंत्र वाचावयास बरे, पण लिहावयास नव्हे.

लिहिण्याची गोष्ट निघाली म्हणजे मराठी घरांनी एक परीक्षा अवश्य करून पाहावी. इंग्रजी लिहिणाऱ्याची बोटे बहुधा कळपाटाच्या मध्यभागी वावरतात. मराठीच्या इन्स्क्रिप्ट पद्धतीत स्वर डाव्या हाताकडे आणि व्यंजने उजव्या हाताकडे आहेत. त्यामुळे च, ट, ड ह्यांसारखी नित्याची अक्षरे उजव्या कडेच्या विरामचिन्हांच्या कळांवर येतात. आता यंत्र आखूड करावयाचे झाले की कारागीर पहिली कात्री नेमकी ह्या उजव्या कडेस लावतो. त्या कळा अरुंद करतो, नाहीतर आडजागी नेऊन ठेवतो. इंग्रजी पत्र लिहिणाऱ्यास ते जाणवतही नाही, पण मराठी लिहिणारा प्रत्येक ओळीत ठेचकाळतो. म्हणून दुकानात उभ्याउभ्या चार वाक्ये मराठीत लिहून पाहावीत. विक्रेता थोडा कंटाळेल. पण पुढची चारपाच वर्षे आपण कंटाळण्यापेक्षा ते बरे.

यानंतर विजेचा हिशेब. बॅटरीची शक्ती वॉट-तासांत सांगतात. पन्नास वॉट-तासांची बॅटरी आणि सरासरी आठ वॉटांचा खर्च, असे धरले तर यंत्र सुमारे सहा तास चालेल. पडदा प्रखर ठेवला, दृश्यबैठक चालू केली की खर्च वाढतो आणि तास घटतात. शिवाय अशी बॅटरी वर्षागणिक क्षीण होते; तिची शक्ती पाचव्या हिश्श्याने उणी झाली तर सहाचे पाचच्याही आत तास उरतात. म्हणून पहिल्या दिवशी यंत्र किती चालते हे विचारू नये; तिसऱ्या वर्षी आपले काम त्यावर निभेल काय, हे पाहावे. चार्जर टाइप-सी जोडणीचा असावा, म्हणजे एकच चार्जर यंत्रास आणि फोनलाही चालतो, आणि तो घरी विसरला तरी सहकाऱ्याकडून मागून घेता येतो.

पातळ यंत्रांत स्मृती बहुधा मूळ पाटीवरच डाखून बसविलेली असते. मागाहून ती वाढविता येत नाही. ह्यास्तव आठ जीबीवर भागेल असे वाटत असले तरी ऐपत असल्यास सोळा जीबीचे यंत्र घ्यावे. माहितीचा साठा फिरत्या चकतीवर नसून एसएसडीवर असावा. तीत हलणारा भागच नसल्याने गाडीच्या हिसक्यांचे भय राहत नाही. पडदा आरशासारखा चकचकीत नसला तर खिडकीजवळ बसून वाचणे सुसह्य होते. आणि दुरुस्तीची सोय ठाण्यात किंवा कल्याण-डोंबिवलीत आहे, की त्यासाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडची वारी करावी लागणार, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे.

आता वापराविषयी. गर्दीच्या लोकलमध्ये लॅपटॉप उघडू नये, हा पहिला नियम. उभ्या माणसाने तो उघडणे अविचाराचे आणि बसलेल्या माणसाने तिघांच्या बाकावर चौथी सीट मागणाऱ्यासमोर कोपरे पसरणे असभ्यपणाचे. पिशवी पाठीवरून काढून पोटाशी धरावी, किंवा फळीवर ठेवावी. म्हणजे धक्का कमी लागतो, चोरासही संधी मिळत नाही आणि दाराशी उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीमागे फुगवटा राहत नाही. मात्र फळीवर ठेवलेली पिशवी उतरताना विसरू नये, हे सांगावयास नकोच.

लांबच्या प्रवासात यंत्राचा खरा उपयोग होतो. परंतु थळ घाटात आणि बोर घाटात बोगद्यामागून बोगदे येतात आणि फोनचे जाळे तुटते. जे काम करावयाचे ते घरूनच यंत्रात उतरवून घ्यावे. गाडीत बसल्यावर जाळ्याची वाट पाहणारा मनुष्य कर्जतपासून लोणावळ्यापर्यंत निव्वळ वाटच पाहत राहतो. डब्यातील विजेच्या बटणांवरही सर्वस्वी विसंबू नये. आगीच्या भयास्तव रात्री अकरापासून पहाटे पाचपर्यंत ही जोडणी बंद ठेवण्याची दक्षता रेल्वेने २०२१ साली स्वीकारली आहे. म्हणून रात्रीच्या गाडीस जाणाऱ्याने घरूनच बॅटरी भरून निघावे. विमानाने जाणाऱ्याने जास्तीची बॅटरी वा पॉवर बँक सामानात न टाकता हातपिशवीत ठेवावी. शंभर वॉट-तासांपर्यंतच्या बॅटरीस सहसा हरकत घेतली जात नाही, आणि लहान लॅपटॉपची बॅटरी ह्या मर्यादेच्या बरीच आत असते.

पावसाळा हा ह्या भागातील यंत्रांचा मोठा शत्रू. २६ जुलै २००५ चा पूर ज्यांनी कल्याण-डोंबिवलीत पाहिला त्यांस हे सांगण्याची गरज नाही. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी ह्यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारावर उतारूंस बोटींतून बाहेर काढावे लागले. अशा प्रसंगी मनुष्य प्रथम प्राण सांभाळतो, आणि तेच योग्य. पण नित्याच्या पावसात यंत्र सांभाळणे अवघड नाही. पिशवीवर छापलेल्या ‘जलरोधक’ ह्या शब्दावर विश्वास न ठेवता आत एक जाड प्लास्टिकची पिशवी असावी. यंत्र भिजलेच तर ते चालू करून पाहण्याचा मोह आवरावा, चार्जर लावू नये आणि ते तसेच बंद स्थितीत कारागिराकडे न्यावे. ओल्या यंत्रात वीज सोडल्याने जेवढी हानी होते तेवढी पुष्कळदा पाण्याने होत नाही.

शेवटी चोरीचा आणि हरवण्याचा विचार. यंत्राचा अनुक्रमांक आणि पावती घरी जपून ठेवावी. लोहमार्ग पोलिसांकडे तक्रार नोंदविताना त्यांची गरज पडते. आतील मजकूर गुप्तलिपीत ठेवण्याची सोय आजच्या यंत्रांत असते, ती चालू करावी. आणि आठवड्यातून एकदा साऱ्या कामाची दुसरी प्रत घरच्या कपाटातील चकतीवर उतरवावी. यंत्र गेले तर पैसा गेला. तो पुन्हा मिळविता येतो. पण एखाद्या विद्यार्थिनीचा चार वर्षांचा प्रबंध किंवा एखाद्या हिशेबनिसाची वर्षाची खाती गेली, तर त्यांची किंमत कोणत्या पावतीवर लिहिलेली असते?

तेव्हा दुकानाची पायरी चढताना आपली रोजची पिशवी बरोबर न्यावी. तीत डबा, पाण्याची बाटली आणि छत्री असावी. मनास आलेले यंत्र आणि त्याचा चार्जर तीत ठेवू देण्याची विनंती करावी आणि पिशवी खांद्याला लावून दहा मिनिटे दुकानातच उभे राहावे. पाचव्या मिनिटाला खांदा तक्रार करू लागला तर तो फलाटावर पंधराव्या मिनिटाला काय करील, हे समजण्यास पत्रक वाचावयास नको. आणि संध्याकाळी कल्याणला परतणाऱ्या गाडीत खिडकी मिळाली, तर त्या दिवशी यंत्र पिशवीतच असू द्यावे. ठाण्याची खाडी ओलांडताना दिसणारे पाणी पाहावयास कसलेही यंत्र लागत नाही.