अफवा आणि लोकमत

(महाड-पोलादपूर परिसरातील कार्यकर्त्यांपुढील भाषण)



२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसह हजारो सत्याग्रही याच महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. तळे खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता. परंतु काही तासांतच गावात कंडी पिकली की, आता हे लोक वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार. ती धादांत खोटी होती. तरी लाठ्या निघाल्या आणि परिषदेच्या प्रतिनिधींची डोकी फुटली.

ती कंडी तोंडातोंडी पसरली. पिकवणारा निदान हुडकता येण्याजोगा होता. आज एकच इसम यंत्राच्या साह्याने शेकडो बनावट खाती चालवतो आणि वाचणाऱ्यास वाटते की, लोकच असे बोलत आहेत. एप्रिल २०१९ मध्ये, लोकसभा निवडणूक तोंडावर असताना, फेसबुकने काँग्रेसच्या आयटी सेलशी संबंधित व्यक्तींची ६८७ पाने व खाती काढून टाकली. भाजपला अनुकूल प्रचार करणारी काही पानेही तेव्हाच गेली. रोग एका पक्षाचा नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर तर मजकूर मुंबईच्या चाकरमान्याकडून, सख्ख्या भावाकडून येतो. मग शहानिशा कोण करणार? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेपायी जमावाने भटक्या जमातीच्या पाच निरपराध माणसांचे प्राण घेतले. त्यानंतर संदेश एका वेळी पाचच ठिकाणी धाडता येईल, अशी मर्यादा कंपनीने भारतात आणली.

आपल्यातील काही तरुण म्हणतात, आपणही अशी खाती उघडू. माझा त्यास स्पष्ट विरोध आहे. लोकशाही माणसे मोजून चालते. खोटी माणसे उभी करणारा खऱ्या माणसांचे मत चोरतो. शिवाय या बाजारात ज्याची थैली मोठी, त्याचीच फौज मोठी. तेथे उतरलो तर तत्त्वही जाईल आणि निवडणूकही. बाबासाहेबांनी त्या दिवशी संतप्त अनुयायांना आवरले, तळ्याचा हक्क न्यायालयात लढवला आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयात तो सिद्ध झाला. दहा वर्षे लागली, पण त्या विजयाला कोणी खोटे म्हणू शकले नाही.

म्हणून मजकूर कोणाचा, केव्हाचा, कशाच्या आधारावर, हे विचारल्यावाचून तो पुढे धाडू नका. विरोधकांची नालस्ती करणारा, आपल्याला गोड लागणारा मजकूर तर दोनदा पारखा. आणि पोलादपूरच्या डोंगरातील ज्या वाडीवर अफवा पोचते, तेथे आपला कार्यकर्ताही पायी पोचला पाहिजे. लोक ज्याला ओळखतात, त्यालाच खरे-खोटे विचारतात.