न भरणारी जखम

कर्करोगाच्या गाठीच्या बायॉप्सीचा पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर त्यात नुसत्या कर्कपेशी दिसत नाहीत. रक्तवाहिन्या असतात, तंतू विणणाऱ्या पेशी असतात, आणि पुष्कळदा चक्क आपलं रक्षण करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशीही. स्वादुपिंडाच्या कर्करोगात तर हा गोतावळाच जास्त, कर्कपेशी थोड्या. गाठीतल्या पांढऱ्या पेशी जर्मनीच्या रुडॉल्फ विरशो यांनी १८६३ सालीच हेरल्या होत्या. मग त्या तिथे असून गाठ वाढते कशी?

अमेरिकेतले हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनी १९८६ मध्ये गाठीला 'न भरणारी जखम' म्हटलं. मला हे म्हणणं फार नेमकं वाटतं. बोट कापलं की सूज येते, नव्या रक्तवाहिन्या फुटतात, तंतू धरतात, आणि काम झालं की सगळं आवरतं. गाठ हेच सुरू करते, पण आवरू देत नाही. एरवी जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी तिथे डागडुजीला जुंपल्या जातात. त्यांनी सोडलेली रसायनं गाठीलाच पोसतात. नव्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या, गळक्या. त्यामुळे आत प्राणवायू कमी, लॅक्टिक आम्ल फार. अशा जागी कर्कपेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशी, म्हणजे मारेकरी टी-पेशी, दमतात. त्यात नियामक टी-पेशींची भर. एरवी त्या शरीराला स्वतःवरच उलटू देत नाहीत; गाठीत मात्र त्यांचं हे आवरणं तिच्या पथ्यावर पडतं. या पेशींवरच्या संशोधनाला २०२५ चं नोबेल मिळालं.

आणखी एक खोडा आहे. गाठीतल्या पेशींवरचं पीडी-एल१ हे प्रथिन टी-पेशीवरच्या पीडी-१ला चिकटलं, की टी-पेशी थंडावते. पीडी-१ जपानच्या तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये सापडलं. ही जोडी तोडणारी औषधं आज आहेत, पण महाग. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या बळावलेल्या कर्करोगात, तोंडाने घ्यायच्या औषधांच्या जोडीला यांतलंच निवोलुमॅब दिलं, तेही दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम. नेहमीची मात्रा २४० ची. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ वर गेलं. तंबाखूने पोखरलेल्या आपल्या मुलखात ही गोष्ट लहान नाही.

तरी निम्म्याहून अधिक रुग्ण वर्षाच्या आत गेलेच. काही गाठींत टी-पेशी शिरतच नाहीत, बाहेरच्या तंतूंत अडकून राहतात. तिथे हे औषध सोडवणार कुणाला? तुमच्या घरच्या रिपोर्टवर पीडी-एल१ पुढे टक्के लिहिलेले असतील, तर ते याच प्रथिनाचे. आकडा कमी दिसला म्हणून घाबरू नका. उपचार एवढ्या एकाच आकड्यावर ठरत नाहीत.