पत्र घरी गेले, उतारा लंडनला राहिला



शिरूरला, म्हणजे घोडनदीला, इंग्रजांची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची पलटण इथूनच पुण्याच्या वाटेला लागली आणि दुसऱ्या दिवशी भीमेकाठी कोरेगावची लढाई झाली. तिथल्या जयस्तंभावर ईस्ट इंडिया कंपनीच्या पडलेल्या ४९ जणांची नावे कोरलेली आहेत. त्यांतल्या २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे, म्हणजे ते महार शिपाई. नाव दगडावर आले. घरी ही बातमी कोणी नेली, ती ऐकून कोण मटकन खाली बसले, हे मात्र दगडाला विचारून उपयोग नाही.

शंभर वर्षांनी कागद आला, आणि कागदाबरोबर तपासनीस आला. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या हिंदी शिपायांची पत्रे वाचण्यासाठी कॅप्टन हॉवेल यांच्या हाताखाली कचेरी बसली. पत्रांतले निवडक उतारे इंग्रजीत करून अहवालाला जोडले जात. ते अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवलेले आहेत, आणि डेव्हिड ओमिसी यांनी १९९९ साली त्यांतली निवडक पत्रे पुस्तकरूपाने छापली. आपले पत्र कोणीतरी फोडून वाचणार, हे शिपायाला ठाऊक होते. म्हणून एकाने काळ्या मिरीची आणि लाल मिरचीची गोष्ट लिहिली. काळी म्हणजे हिंदी पलटणी, लाल म्हणजे गोऱ्या. काळी संपत आली, असे त्याला घरी कळवायचे होते. तपासनिसाला ते उमगले, म्हणूनच ते आपल्यापर्यंत पोचले.

पण या अहवालांतला शिपाई इंग्रजीत बोलतो. ‘तीर्थरूप’, ‘शिरसाष्टांग दंडवत’, ‘इकडील सर्व खुशाल’ ही मायन्याची भाषा सरकारला नको होती. त्याला बातमी हवी होती. बहुतेक शिपाई लिहिणाऱ्याला सांगत आणि तो कागदावर उतरवी. लिहिणाऱ्याचे वळण, अडखळून खोडलेला शब्द, समासात कोंबलेला धाकट्याचा निरोप, हे सारे मूळ कागदावरच दिसते. आणि मूळ कागद गावी गेला.

मराठा पलटणींपैकी कितीतरी तर मेसोपोटेमियात होत्या. सहाव्या पुणे डिव्हिजनमधल्या १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या पलटणी कुतच्या वेढ्यात जवळपास पाच महिने अडकल्या. धान्य संपत आले तेव्हा घोड्याखेचरांचे मांस खायचे की धर्म सांभाळून झिजायचे, हा पेच त्यांच्यापुढे उभा राहिला. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली; सुमारे १३,००० माणसे तुर्कांच्या कैदेत गेली आणि त्यांतली हजारो पुन्हा घरी आली नाहीत. मजकूर नसलेला तो काळ, पोस्टमनची वाट पाहण्याचा, हाही शिपायांच्या कागदपत्रांचाच भाग मानायला हवा. त्याची नोंद सरकारी दप्तरात सापडणार नाही. ती म्हातारीच्या बोलण्यातून नातवाकडे आलेली असते.

म्हणून शिरूर-दौंडच्या वाड्यावस्त्यांवरच्या पत्र्याच्या ट्रंका दप्तरखान्याइतक्याच मोलाच्या आहेत. त्यांत पलटणीतून नाव कमी केल्याचा दाखला असतो, पेन्शनचे पुस्तक असते, फडक्यात गुंडाळलेले चांदीचे पदक असते. त्या पदकाची कड उजेडात तिरकी धरावी. क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण असे सगळे बारीक इंग्रजी अक्षरांत ठोकलेले दिसते. नाव कारकुनाच्या कानाला लागले तसे. आजोबांनी स्वतःला कधी त्या उच्चाराने हाक मारली नसेल. पण त्या एका ओळीवरून पलटणीचा सगळा मुलूख उलगडतो. पदक मोडीत गेले की ती ओळ वितळून जाते.

इतिहाससंशोधक राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, त्यात पानिपतापर्यंतची पत्रे आहेत. ती सरदारांची, कारभाऱ्यांची, वकिलांची. शिपायाच्या पत्रांसाठी तशी पायपीट अजून बाकी आहे, आणि ती तालुक्याच्या पातळीवरच होऊ शकते. दौंडला नगरकडचा रेल्वेमार्ग फुटतो, तिथून पुढे गावोगाव माजी सैनिकांची घरे आहेत. कागद मागू नये. ओसरीवर बसून, घरच्यांसमोर फोटो काढावा, लिफाफ्याची पाठही घ्यावी, पोस्टाचा शिक्का वाचावा, आणि ट्रंक होती तशी परत लावावी. प्लॅस्टिकमध्ये चिकटवून ‘सुरक्षित’ केलेला कागद पुढे सोडवता येत नाही, हे घरात आवर्जून सांगावे. हे काम उन्हाळ्यातच उरकायला हवे. एकदा पाऊस लागला की पत्र्याच्या तळाला ओल धरते आणि घडीच्या रेषेवरून कसर आत शिरते.