लोणावळ्याचा आराखडा आणि त्याचा खर्च



बोरघाटातून 1863 साली आगगाडी धावू लागली, 1877 साली लोणावळ्यास नगरपालिका लाभली, आणि घाट चढून आलेल्या प्रवाशाच्या हाती चिक्कीचा पुडा देत देत या गावाने आपला चरितार्थ उभा केला.

पुढे 2002 साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला.
पुष्कळ वाहने बाजारपेठेस वळसा घालून जाऊ लागली.

अशा गावाचा व्यापार नव्याने सावरायचा, तर आधी आराखडा हवा.
आणि आराखडा, श्रोतेहो, फुकट होत नाही.

1966 च्या नगररचना कायद्यान्वये प्रथम जमिनीच्या वापराची पाहणी, मग नकाशे, मग मसुदा, त्यावर रहिवाशांच्या हरकती, आणि अखेर शासनाची मंजुरी, असा हा दीर्घ क्रम आहे.
पायरीपायरीला पैसा लागतो.

‘कागदावर एवढा पैसा कशाला?’ हा सवाल रास्तच आहे. परंतु माझ्या मते खरी उधळपट्टी आराखडा करण्यात नसून, मंजूर आराखडा दप्तरात पडू देण्यात आहे.

आराखडा फुकट होत नाही. म्हणूनच तो वाचावा.
मसुदा नगरपरिषदेच्या कचेरीत पाहावयास मिळतो.
हरकत मात्र लेखी, आणि मुदतीतच द्यावी लागते.