दरखास्त

आमच्या सांगोल्यात डाळिंबाच्या भावाइतकीच चर्चा बुडालेल्या पट्टीची होते. व्यापारी परप्रांतातला. पहिल्या दोन गाड्यांचे पैसे रोख, तिसऱ्या गाडीनंतर फोन बंद. मग दावा, तारखा, आणि काही वर्षांनी हातात हुकूमनामा. घरात पेढे येतात. त्यानंतर कळते, की कोर्टाने 'पैसे द्या' असे सांगितले आहे, आणून दिलेले नाहीत.

दुखणे जुने आहे. हिंदुस्थानात पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, असे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८७२ साली म्हटले होते. दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा, असे सर्वोच्च न्यायालयाला २०२१ साली सांगावे लागले. मधल्या दीडशे वर्षांत मोबाईलही आला.

अशा वेळी चहाच्या टपरीवर एक जण भेटतोच. "निम्मे तुमचे, निम्मे माझे. आठ दिवसांत आणतो." अमेरिकेत निकालाची वसुली करून देणाऱ्या कंपन्या आहेत. आपल्या कायद्याने असा पेशा नेमलेला नाही. जप्ती करायची ती कोर्टाच्या बेलिफाने. वकिलालासुद्धा वसुलीत हिस्सा घेता येत नाही. बँकांच्या वसुली एजंटांना तरी रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे, सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर कर्जदाराला फोन नाही. टपरीवरच्या माणसाला कसला दंडक? त्याने तिकडे दमदाटी केली तर फिर्यादीत तुमचेही नाव येईल. पैसे घेऊन तो परत आलाच नाही, तर आणखी एक दावा!

सरळ वाट अशी. जिथे निकाल लागला तिथे दरखास्त द्यायची. व्यापाऱ्याची मालमत्ता परप्रांतात असेल तर हुकूमनामा तिकडच्या कोर्टाकडे पाठवून घ्यायचा. त्याच्याकडे काय आहे हे माहीत नसेल, तर त्याने मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे असा अर्ज करायचा. बँकेतले खाते कळले तर काम अर्धे झाले, कारण तेही जप्त होते. म्हणून पहिली गाडी भरतानाच खात्याचा नंबर, गाळ्याचा पत्ता, चेकची झेरॉक्स जपून ठेवावी. पैसे असून चुकवणाऱ्याला दिवाणी कैदेतही टाकता येते. फक्त तिथल्या त्याच्या जेवणाचा भत्ता आधी तुम्हीच भरायचा. या कलमाचे मला नेहमी हसू येते.

पण श्रोतेहो, हेच कागद एकदा आपल्याच लोकांवर चालून आले होते. १२ मे १८७५ रोजी सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून खते आणि हुकूमनामे काढून जाळले. त्यातून १८७९ चा कायदा आला. पुणे, सातारा, नगर आणि आपला सोलापूर या जिल्ह्यांत पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैद करणे त्याने बंद केले. आजही शेतकऱ्याची अवजारे, कामाची जनावरे, बियाणे, कारागिराची हत्यारे, स्वयंपाकाची भांडी आणि बाईने रूढीप्रमाणे अंगावरून न उतरवायचे दागिने जप्त होत नाहीत. बुडवणाऱ्याच्या घरीही चूल असते, हे कायदा विसरलेला नाही. झटपट वसुलीवाला मात्र ते पहिल्या दिवशीच विसरतो.

मी शब्दांत रमणारा माणूस. 'वसूल' हा मूळचा अरबी शब्द, अर्थ पोहोचणे. गझलेतल्या प्रियकराचा 'वस्ल', म्हणजे मीलन, त्याच धातूतून निघालेला. दोन्ही ठिकाणी वाट पाहणे आलेच. पण प्रियकराला मुदत नसते. हुकूमनाम्याला बारा वर्षांची असते, आणि ती अंमलात आणता येईल त्या तारखेपासून मोजली जाते. ती तारीख कागदाच्या पाठीवर ठळक लिहून ठेवा.