वणवा आणि आपले विमापत्र
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



तुंगारेश्वराच्या पायथ्याशी ज्यांची घरे आहेत, त्यांना फाल्गुन-चैत्रातील वणव्याचे वर्णन आम्ही करावयास नको. डोंगरावरची जळती रांग अंगणातून दिसते. गेल्या वर्षी ती पाहून आम्ही कपाटातले विमापत्र बाहेर काढले. ते अनेक वर्षांच्या मुदतीचे, जुन्या नमुन्याचे होते. त्यात झुडपांच्या आगीची भरपाई मान्य केलेली, आणि लगेच पुढे अरण्यातील वणव्याने झालेली हानी वगळलेली! आग कुंपणाशी येऊन ठेपल्यावर ती झुडपांची की अरण्याची, हे कोणी ठरवावयाचे?

दि. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणाने अग्निविमा उतरविणाऱ्या कंपन्यांस ‘भारत गृह रक्षा’ हे एकाच मसुद्याचे विमापत्र देणे बंधनकारक केले. त्यात या दोन्ही आगी स्पष्ट शब्दांत अंतर्भूत आहेत. विम्याची रक्कम घर पुन्हा बांधण्यास येणाऱ्या खर्चावरून ठरते. वसईतील जमिनीचा भाव मनात धरून आकडा फुगविणे म्हणूनच व्यर्थ. जमीन काही जळत नाही. घरातील सामानास इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, परंतु जास्तीत जास्त १० लाख रुपये, इतके संरक्षण आपोआप लाभते. दागिन्यांचे मात्र वेगळे सांगून घ्यावे लागते.

आम्ही आमचे विमापत्र बदलून घेतले आहे. ज्यांच्याकडे २०२१ पूर्वीचे, मुदत न संपलेले विमापत्र असेल, त्यांनी येत्या रविवारी ते घेऊन आमच्या घरी यावे. बारीक अक्षरे एकत्र बसून वाचू.